बेलार्मिनोकाकांचे तीन गुरुवार

माणूस लांबून येत असला की आधी त्याची चाल ओळखू येते, तोंड नंतर. समुद्रावरचे छोटे काळे पक्षी कसे ओळखता, असं कुणी विचारलं की बेलार्मिनोकाका एवढंच सांगायचे. मग धक्क्यावरून चर्चच्या चढाकडे बोट करायचे. "तो कोण चढतोय? पोस्टवाला. इथून त्याचं नाक दिसतं का तुला? नाही ना? मग कसं ओळखलंस?"

आमच्या ग्रासिओझा बेटावर या सगळ्या पक्ष्यांना मिळून एकच नाव आहे, आंजेलितो. म्हणजे छोटा देवदूत. बुलबुलाएवढा जीव, अंगभर काजळी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. किनाऱ्यावरून तो दिसत नाही. होडी तासभर बाहेर गेली की दोन लाटांमधल्या खळग्यात दिसतो आणि पुढच्या लाटेआड जातो. तेवढ्या तीन-चार क्षणांत त्याला ओळखायचं.

काका चार जण वेगळे ओळखत. एक पाय खाली सोडून पाण्यावर चालल्यासारखा जातो, त्याच्या बोटांमधली कातडी पिवळी असते. दुसरा लांब पंखांचा, कुणी मागे लागल्यासारखा उसळ्या घेत दिशा बदलतो. हे दोघे लांबचे पाहुणे. खरी अडचण उरलेल्या दोघांची, आणि ते दोघे आमचेच. गावासमोर एक खडकाळ टापू आहे. त्याच्या कपारींतल्या त्याच त्या बिळांत एक उन्हाळ्यात अंडं घालतो, दुसरा हिवाळ्यात. एकानं जागा सोडली की दुसरा येतो, भाडेकरू बदलावेत तसे. चाल जवळजवळ तीच, रंग तोच. उन्हाळ्यातल्याची शेपूट जरा जास्त खाचेची, पण ती खाच बघायची तर पक्षी हातावर येऊन बसला पाहिजे, असं काकाच म्हणत.

उरते एक खूण. पिल्लं वाढवून झाली की पक्षी जुनी पिसं टाकून नवी घेतो. अंगाजवळच्या पिसापासून सुरुवात होते आणि बदल हळूहळू पंखाच्या टोकाकडे सरकतो. त्या काळात पंखात फट दिसते. हिवाळी पक्ष्याचं हे काम वसंतात सुरू होतं आणि ऑगस्टमध्ये टोकाशी येऊन संपतं. उन्हाळी पक्षी ऑगस्टच्या अखेरीला अंगाजवळून सुरू करतो. त्यामुळे जूनमध्ये फाटका पंख दिसला तर तो हिवाळी, आणि सप्टेंबरमध्ये दिसला तर उन्हाळी. खूण तीच असते, महिना बदलला की तिचा अर्थ उलटा होतो.

काकांनी हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं. सोळाव्या वर्षी ते ट्यूना पकडणाऱ्या बोटीवर गेले. त्यांचं काम बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभं राहून मोठ्या पक्ष्यांचा थवा शोधायचं. थवा घिरट्या घालतोय तिथं खाली ट्यूना. छोट्या काळ्या पक्ष्यांचा ट्यूनाशी काही संबंध नाही, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नसे. काका बघायचे. तासन्‌तास थवा दिसला नाही की जे दिसतं ते बघायचं, एवढंच त्याचं कारण. कप्तान मागून ओरडायचा, "ए देवदूतांच्या मामा, मासा दाखव मासा! त्यांची लग्नं नंतर लाव!" अठ्ठावीस वर्षांनी खांदा निकामी होऊन ते बोटीवरून उतरले, पण ते नाव उतरलं नाही. गावात म्हातारी माणसं अजून त्यांना मामाच म्हणतात.

पुढे शेजारच्या फायाल बेटावरून इल्दाबाई आल्या. त्या विद्यापीठात पक्ष्यांचा अभ्यास करत. उन्हाळी आंजेलितो जगात फक्त आपल्याच बेटांवर आहे, आणि किती उरलाय ते कुणाला नीट माहीत नाही, असं त्यांनी सांगितलं. मोजणी सुरू झाली. मे ते सप्टेंबर, दर गुरुवारी, काकांच्या 'बोआ ओरा' होडीतून सरळ रेषेत बाहेर जायचं आणि त्याच रेषेवरून परत यायचं. रेषा सोडायची नाही. नाळेवर पालथ्या क्रेटवर बसून काका नाव पुकारणार, सुकाणू एदुईनाकाकी धरणार, आणि मागे बसलेली व्यक्ती दहा-दहा मिनिटांच्या रकान्यांत लिहिणार. ते काम गेली चार वर्षं मी करते. होडीवर एकच नियम होता : काकांच्या आधी नाव कुणी घ्यायचं नाही.

पहिली तीन वर्षं इल्दाबाई दर गुरुवारी स्वतः यायच्या. मग येईनाशा झाल्या. "तिथं बेलार्मिनोंचा डोळा आहे, मी कशाला हवी?" असं त्या एकदा धक्क्यावर चार माणसांत म्हणाल्या होत्या. काकांनी ते वाक्य कधी उगाळलं नाही. पण काकी म्हणायची, "त्या दिवसापासून हा माणूस दाढी करून होडीवर जातो."

यंदा गावानं दर्यावर्द्यांना वाट दाखवणाऱ्या गियामातेचा सण तीन आठवडे अलीकडे आणला.

हा सण ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी असायचा. मूर्ती होडीत बसवून टापूला फेरी घालायची, मग धक्क्यावर सूप, पाव, वाइन आणि बँड. पण कॅनडा-अमेरिकेला गेलेल्या आमच्या लोकांच्या सुट्ट्या पंधरा तारखेलाच संपतात. दरवर्षी ते सण न बघता परत जायचे आणि फोनवर रडायचे. म्हणून कमिटीनं सण ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ठेवला. पाद्रीसाहेब जरा कुरकुरले. मातेला तारखेचं काही नसतं, असं कमिटीचं म्हणणं पडलं. सण जोरात झाला. टोरोंटोहून काकीचा भाऊ एर्मिनियो आला होता. त्याच्या गळ्यात हाताएवढं भिंग असलेला कॅमेरा, आणि तोंडात सारखं, "आमच्याकडे असं नसतं."

"तुझ्याकडे म्हणजे कुठं रे?" काकी विचारायची. "जन्मलास त्या खाटेवर आता मी मिरच्या वाळवते."

सणानंतरच्या गुरुवारी तोही होडीवर आला. त्याला नियम सांगितला होता, तरी पहिला काळा ठिपका दिसताच तो "ते बघा, ते बघा!" करू लागला. काकांनी मागे न वळता हात वर केला. तो गप्प झाला आणि फोटो काढत राहिला. पक्षी खूप होते. काका पुकारत होते, "उन्हाळी. उन्हाळी. हिवाळी एक. दोन उन्हाळी." मी लिहीत होते. पुढच्या गुरुवारी तसंच, त्याच्या पुढच्या गुरुवारीही. एरवी ऑगस्टच्या एका फेरीत वीस-बावीस उन्हाळी मिळत. या तीन फेऱ्यांत पन्नास, सत्तेचाळीस आणि त्रेपन्न मिळाले.

तिसऱ्या फेरीनंतर शुक्रवारी इल्दाबाईंचा फोन आला. काकांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"बेलार्मिनो, मी तीनदा बेरीज केली. दुपटीहून जास्त आहेत! अहो, बावीस वर्षांत असं झालं नाही!"

"समुद्रानं दिले, मी पुकारले," काका म्हणाले. पण कान लाल झाले होते.

मग इल्दाबाईंनी दुसरी गोष्ट सांगितली. टापूवर एप्रिलपासून दोन राखणदार तंबू टाकून राहतात. कुठली होडी टापूला लागू द्यायची नाही, होडीतून उंदीर उतरू द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. एक उंदीर त्या बिळांत शिरला तर एका मोसमात पिल्लू उरत नाही. हे राखणदार अजून हवेत का, असं सरकारी खातं कधीपासून विचारत होतं. आता आकडा एवढा वाढला तर पुढच्या वर्षीपासून ते बहुतेक बंद करतील. "तुमच्या आकड्यावर माझी सही जाणार आहे," त्या म्हणाल्या. "मंगळवारी येते. समोरासमोर बोलू."

रविवारी काकीनं मला जेवायला बोलावलं होतं. महिन्यातला शेवटचा रविवार. धक्का रिकामा होता. एर्मिनियोनं टोरोंटोला पोचून फोटो पाठवले होते, ते मी माझ्या लॅपटॉपवर लावले. सणाचे शंभर, स्वतःचे चाळीस, आणि मग समुद्र. काकी ओट्यापाशी मिरच्या निवडत होती.

"आज सण असायचा," ती म्हणाली. "सण झाला की मिरच्या वाटायच्या, हे माझ्या हातालाच माहीत आहे. यंदा सण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन मळ्यात गेले, तर सगळ्या हिरव्या. उभी राहिले येड्यासारखी. आता कुठं लाल होताहेत. कमिटीनं झाडांना कळवलंच नाही ना!"

मी हसले. काका हसले नाहीत. ते लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होते. पडद्यावर एक आंजेलितो होता, पंख वर उचललेला, मागे लाटेची हिरवट भिंत. एर्मिनियोच्या त्या भल्या मोठ्या भिंगानं एकेक पीस मोजता येईल इतका जवळ आणलेला. पंखात फट होती, आणि ती टोकापाशी होती. शेवटचं पीस अर्धंच वाढलेलं.

"हा कधीचा?" काकांनी विचारलं.

मी तपासलं. "दहा तारीख. सकाळी नऊ चाळीस."

"तुझ्या कागदावर नऊ चाळीसला काय आहे?"

कागद माझ्या पिशवीतच होते. त्या दहा मिनिटांच्या रकान्यात एकच पक्षी होता. उन्हाळी. माझ्याच अक्षरात.

"एखादा चुकतो, काका."

"पुढचा दाखव."

पुढचा दाखवला. फट टोकाशी. त्याच्या पुढचा. फट टोकाशी. चौथ्या फोटोतला पक्षी सबंध पंखांचा, एकही पीस न गळालेला. तो खरा उन्हाळी होता, ऑगस्टच्या दहा तारखेला त्याची पिसं गळायला अजून अवकाश होता. माझ्या कागदावर तो हिवाळी होता. मी लॅपटॉप बंद करायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. ओढून नव्हे, नुसता धरला.

"मी बघत होतो," ते म्हणाले. "तुला शपथेवर सांगतो, मी बघत होतो."

काकी मिरच्या सोडून आली. तिला कळायला थोडा वेळ लागला, मग एकदम कळलं. "सण," ती म्हणाली.

सणाआधी फाटका पंख म्हणजे हिवाळी, सणानंतर फाटका पंख म्हणजे उन्हाळी. हे काकांनी कधी ठरवलं नव्हतं, कुणाला सांगितलं नव्हतं. बावीस वर्षं सण शेवटच्या रविवारी येत राहिला, आणि त्यांच्या आत काहीतरी त्या रविवारी कूस बदलत राहिलं. यंदा मूर्ती पहिल्या रविवारी टापूला फिरली. गुरुवारी क्रेटवर बसताना त्यांची कूस आधीच बदललेली होती. उन्हाळी पक्षी वाढले नव्हते. दोघांची नावं तेवढी अदलाबदल झाली होती.

"म्हणजे मिरच्यांना जे कळलं," काका म्हणाले, "ते मला कळलं नाही."

"अरे माणसा, तीनच गुरुवार आहेत."

"हो."

"सांगायलाच हवं का?" काकी खाली बसली. "ती बाई विचारेल, मग आधीच्या वर्षांचं काय? तेव्हा काय सांगशील? तुझ्या नावावर लोक विश्वास ठेवतात. दुसरं काय आहे रे आपल्याकडे? ही होडी? तिचा तळ मी दर वर्षी डांबरानं धरून ठेवते."

"राखणदार काढतील ते."

"काढतील की नाही, तुला काय माहीत?"

"काढतील, बाई."

ती उठून पुन्हा मिरच्यांकडे गेली. एकामागून एक देठ मोडू लागली. मग पाठमोरीच म्हणाली, "निदान दाढी करून सांग."

सोमवारी काकांनी मला बोलावून तिन्ही गुरुवारचे कागद वाचायला लावले. प्रत्येक रकाना. मला वाटलं ते दुरुस्ती करणार, उन्हाळीचे हिवाळी करायला सांगणार. सगळं उलटं केलं तर बरोबर होईल, असं मी म्हणूनही गेले. त्यांनी मान हलवली. "तेही डोळे मिटूनच झालं की. तू खोडू नकोस. जसं आहे तसं राहू दे."

इल्दाबाई मंगळवारी सकाळच्या बोटीनं आल्या. साठीच्या, ठेंगण्या, उन्हानं भाजलेल्या. काकीनं केक कापला, कॉफी ओतली. काकांनी कप हातात घेतला नाही. त्यांनी आधी फोटो दाखवले, मग कागद, मग सणाचं सांगितलं. सांगताना एकदाही थांबले नाहीत.

इल्दाबाईंनी फोटो दोनदा पाहिले. त्या चिडतील असं मला वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत, आणि त्यामुळे जास्त कठीण झालं. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि तिन्ही कागदांवर कोपऱ्यातून कोपऱ्यात एकेक रेघ मारली.

"राखणदार राहतील," त्या म्हणाल्या. "आकडाच नाही म्हटल्यावर कुणी काढू शकत नाही." मग विचारलं, "बेलार्मिनो, आधीची वर्षं?"

काकीचा हात टेबलावर होता. तो तसाच राहिला.

"आधी सण जागेवर होता," काका म्हणाले. "म्हणजे नावं बहुतेक बरोबरच असणार. पण पक्षी बघून बरोबर होती की सण बघून, ते मला सांगता येणार नाही. मला माहीत नाही."

"मला सहीच्या खाली ते लिहावं लागेल."

"लिहा."

"आणि पुकारायला दुसरं कुणीतरी लागेल."

"हो," काका म्हणाले. हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं दिसत होतं, तरी ते उच्चारल्यावर त्यांनी कॉफीचा कप उचलला आणि एका दमात रिकामा केला, औषध घ्यावं तसा. इल्दाबाईंनी विषय बदलला नाही, समजूतही घातली नाही. काकीनं त्यांच्या बशीत केकचा दुसरा तुकडा ठेवला आणि त्यांनी तो खाल्ला.

गुरुवारी क्रेटवर इल्दाबाई बसल्या. काकांनी सुकाणू धरलं. हाताला काम न उरलेली काकी मध्यभागी बसून येणाऱ्याजाणाऱ्या लाटेला नावं ठेवत होती. मी कागद गुडघ्यावर घेतला. टापूच्या मागून बाहेर पडलो तेव्हा तंबूपाशी उभ्या राखणदारानं हात केला, आणि काकांनीही केला.

इल्दाबाईंना पुकारायची सवय मोडली होती. पहिला पक्षी लाटेआड गेल्यावर त्या म्हणाल्या, "फाटका होता, पण कुठं?" आणि मागे वळल्या. "बेलार्मिनो, फट कुठं होती?"

"अंगाजवळ. तिसरं पीस. नाव तुम्ही सांगा."

"उन्हाळी," त्या म्हणाल्या. मी लिहिलं.

असं तासभर चाललं. त्या विचारायच्या, काका फक्त दिसलेलं सांगायचे. डावा पंख सबंध. शेपटीचं कळलं नाही. टोकाशी फट, अर्धं पीस. एवढं थोडं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पूर्वी ते नाव फेकायचे आणि नजर पुढच्या लाटेवर गेलेली असायची. आता पक्षी गेल्यावरही ते त्याच पाण्याकडे बघत राहायचे.

परतीच्या वाटेवर एक आला. होडीच्या अगदी जवळून, वाऱ्याच्या विरुद्ध, पाण्याला घासून. इल्दाबाईंनी मान वळवली. "हा?"

काकांनी मान पुढे काढली. पक्षी आडवा झाला, पंख एकदा उघडले, आणि लाटेनं तो झाकून टाकला.

"दिसलं नाही," काका म्हणाले.

"न ओळखलेला," इल्दाबाईंनी मला सांगितलं. कागदावर तो रकाना पहिल्यापासून होता. मी त्यात लिहिण्याची ही पहिलीच वेळ. पेन्सिल टेकवतेय तोच होडी कलली. काकांनी सुकाणू वळवलं होतं. सरळ रेषा मागे राहिली आणि नाळ त्या लाटेच्या दिशेला फिरली.

"अरे माणसा! कुठं निघालास?" काकी ओरडली.

"रेषा मोडतेय, बेलार्मिनो," इल्दाबाई म्हणाल्या.

"मोडू दे. मला तो बघायचाय."

इल्दाबाई माझ्याकडे वळल्या. "याला मोजायचं नाही हं," त्या मला म्हणाल्या, आणि क्रेटवर पुढे सरकून बसल्या.

मी पेन्सिल खाली ठेवली.